कुलूपाआड

मंगळवारी संध्याकाळी
आधी माझ्या गिरणीचा पट्टा थांबला,
मग वारा आला.
लोक उलटं सांगतात.
पण मी चाळणीपाशी उभी होते, मला माहीत आहे:
लाईट वाऱ्याच्या आधी गेली,
कुणी तिला पुढं येऊन वर्दी दिल्यासारखी.

शाळेचे पत्रे खाचरात पडले.
एक मोहाच्या फांदीत अडकला, तो अजून तिथंच आहे,
रात्री वाजतो.
कैऱ्यांचा एवढा सडा, की पोरं पहिला तासभर भांडली,
दुसऱ्या दिवशी कुणी वाकलंसुद्धा नाही.
सतरा पोल झोपले.
डीपी ओढ्यात, तोंड खाली करून,
पाण्यावर तेलाचे रंग.

चिंतामणदादांचं मशीन
तोवर कुणाच्या ध्यानातच नव्हतं.
घर्र फुस्स, घर्र फुस्स,
दीड वर्षं ते आमच्या पाड्यात
त्या माणसाच्या वाट्याचा श्वास ओढत होतं
आणि आम्हाला ते भिंतीसारखं झालं होतं.
ते थांबलं तेव्हा ऐकू आलं.
लहानूबाई ओट्यावर आली, काही बोलली नाही,
हातातली नळी तेवढी वर धरून दाखवली.

पिकअपमधली नागलीची पोती
माझ्या दारात ओतल्यासारखी उतरवली.
सावळघाटात झाडं आडवी, म्हणून
पाच जण कुऱ्हाडी घेऊन फाळक्यावर बसले.
घाईत कडीला कुलूप.
किल्ली गेली नाशिकला, सिव्हिलमध्ये,
लहानूबाईच्या कनवटीला.

मग बुधवार. गुरुवार.
पोपटच्या ट्रॅक्टरला मोबाईल लोंबकळू लागले
बकरीला गोचीड लागावेत तसे.
चार्ज होऊन करणार काय, टॉवरही मेलेला.
गिरणीत डबे येत राहिले, रांग दारापर्यंत,
प्रत्येकावर खडूनं नाव.
वायरमन देवराम माझ्याच गोणपाटांवर झोपायचा,
हाताला डांबराचा वास.
जो तो विचारी, कधी?
तो म्हणे, खड्ड्यात पाणी आहे, पोल उभा राहत नाही,
तुम्ही उभे राहा खड्ड्यात, मग सांगतो कधी.
त्याचं स्वतःचं घर लाईनीच्या पार शेवटाला,
पण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवारी रात्री पावणेतीन.
बल्ब कुणी चालू ठेवले नव्हते,
आशा बंद करूनच माणसं झोपली होती.
त्यामुळं लाईट आली ते दिसलं नाही.
ऐकू आलं.
एक लांब शिट्टी, मग
घर्र फुस्स,
कुलूपाआड, अंधाऱ्या खोलीत,
रिकाम्या खाटेशेजारी.

सगळा पाडा अंगणात येऊन उभा.
कुणी हसलं नाही, कुणी लाईट आली असं ओरडलंही नाही.
पोपट म्हणाला, कुलूप तोडू, बंद करू, बिल चढेल.
त्याच्या आईनं त्याचा दंड धरला.
चालू दे, म्हणाली. तेवढंच.

मी गिरणी सुरू केली.
पहाटेपर्यंत नावामागून नाव दळलं,
गरम पीठ हाताला माणसासारखं लागत होतं.
शेवटी एक डबा उरला:
चिं. गावित, नागली, बारीक.
दात नाहीत म्हणून बारीक.
झाकण काढलं, मूठ भरली,
हॉपरवर नेलेला हात
तिथंच थांबला.

नागलीला किडा लागत नाही,
वर्षानुवर्षं कणगीत तशीच राहते.
पीठ पंधरा दिवसांत कडू होतं.
मूठ परत डब्यात सोडली.

आता सात वाजलेत. टॉवरला एक काडी आली आहे.
पोपट मोबाईल उंच धरून मोहाखाली फिरतोय,
वर तो पत्रा.
भिंतीपलीकडं मशीन चालू आहे,
बाहेर त्याचा मीटर फिरतोय,
आणि मी डबा फळीवर ठेवलाय
नाव पुढं करून.